गाडीचा हेडलाइट बल्ब उडालाय? दुकानात जाण्याआधी ‘हा’ नंबर बघा

सोलापूर : ऊस वाहतुकीच्या दिवसांत माढा, माळशिरस, पंढरपूर, करमाळा भागातल्या रस्त्यांवर रात्री गाडी चालवायची म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे अनेकदा ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. कडेने बैलगाड्यांची रांग. अशात आपल्याच गाडीचा एक हेडलाइट बंद असेल तर धोका दुप्पट होतो. उजवीकडचा दिवा बंद असेल तर समोरच्याला कार लांबून मोटारसायकलच वाटते आणि तो मोटारसायकलीएवढीच जागा सोडतो.

बल्ब बदलणे हे तसे थोड्या वेळाचे काम. घोटाळा होतो तो दुकानात. “भाऊ, पिकअपचा बल्ब द्या,” एवढेच सांगितले की दुकानदार अंदाजाने एक डबी काढून देतो. घरी आल्यावर तो बसत नाही, किंवा बसतो पण महिनाभरात होल्डर वितळतो. म्हणून बल्ब घेताना गाडीचे नाव सांगून भागत नाही, बल्बचा नंबर सांगावा लागतो.

आधी बघा, बल्बच गेलाय का?

दोन्ही बाजूंचे दिवे एकदम बंद झाले तर दोन्ही बल्ब एकाच वेळी उडण्याची शक्यता कमी. अशा वेळी फ्यूज, रिले किंवा स्विच आधी तपासावा. एकाच बाजूचा दिवा गेला असेल तर बहुतेक वेळा बल्बच गेलेला असतो. तरी काही गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्याचे फ्यूज वेगळे असतात. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे चालू बाजूचा बल्ब काढून बंद बाजूला लावून बघणे. पेटला तर जुना बल्ब गेलेला, नाही पेटला तर दोष वायरिंग किंवा फ्यूजमध्ये.

अप्पर चालू आणि डिपर बंद, असेही होते. एकाच बल्बात दोन तारा असतात, त्यातली एक तुटलेली असते. तरीही बल्ब पूर्णच बदलावा लागतो. दिवा लागतो पण मंद लागतो, असे असेल तर अर्थिंगच्या वायरचा गंज आणि होल्डरचे पॉइंट बघावेत. नवा बल्ब टाकून तो दोष जाणार नाही.

नंबर कुठे सापडतो?

जुन्या बल्बच्या धातूच्या बुडावर बारीक अक्षरांत तीन गोष्टी छापलेल्या असतात : बल्बचा प्रकार, व्होल्ट आणि वॅट. उदाहरणार्थ एच४, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट. यातले ६० वॅट अप्परचे आणि ५५ वॅट डिपरचे. अक्षरे दिसत नसतील तर बूड फडक्याने पुसून मोबाइलने फोटो काढावा आणि मोठा करून वाचावा. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकातही शेवटी-शेवटी बल्बचा तक्ता असतो. सगळ्यात चांगले म्हणजे जुना बल्बच दुकानात न्यावा.

एकाच नावाच्या गाडीत वर्षाप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे बल्ब बदलतो. शेजाऱ्याच्या गाडीला जो बसला तोच आपल्याही गाडीला बसेल, हे गृहीत धरू नये. काही नव्या गाड्यांत तर कंपनीचाच एलईडी दिवा असतो. त्यात सुटा बल्ब नसतो, त्यामुळे घरी खोलण्याच्या भानगडीत पडू नये. झेनॉन दिव्यात तर मोठा व्होल्टेज असतो, त्याला हात लावायचाच नाही.

नेहमी लागणारे प्रकार

एच४ : अप्पर आणि डिपर एकाच बल्बात, मागे तीन पट्ट्या. जीप, पिकअप आणि अनेक छोट्या कारमध्ये हाच असतो. १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट.

एच७ : एकच तार, मागे दोन चपट्या पट्ट्या, ५५ वॅट. हा असलेल्या गाडीत अप्पर आणि डिपरचे बल्ब वेगवेगळे असतात.

एच१ : एकच तार, सडपातळ बल्ब, मागे एकच पिन, ५५ वॅट.

एच११ : प्लास्टिकचे बूड काटकोनात वळलेले, त्याला रबरी रिंग, ५५ वॅट.

एचएस१ : मोटारसायकलचा, ३५/३५ वॅट. दिसायला थेट एच४ सारखा, त्यामुळे इथेच गफलत होते. मोटारसायकलला ६०/५५ चा बल्ब लावला तर तिच्या बॅटरीवर आणि वायरिंगवर ताण येतो. कारला ३५ वॅटचा लावला तर उजेडच पुरत नाही.

व्होल्ट बघायलाही विसरू नये. ट्रक आणि मोठ्या बस २४ व्होल्टवर चालतात, त्यांचा एच४ बल्ब ७५/७० वॅटचा येतो. तो १२ व्होल्टच्या गाडीत मिणमिणतो. उलट १२ व्होल्टचा बल्ब ट्रकला लावला तर लगेच उडतो.

‘हाय-वॅट’ का नको?

“१००/९० चा टाका, दिवस पडल्यासारखा उजेड पडतो,” असे सर्रास सांगितले जाते. हिशोब साधा आहे. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर करंट ओढतो. १०० वॅटचा सव्वाआठ अँपिअरच्या पुढे जातो. दोन दिवे धरले तर दहाच्या जागी साडेसोळा अँपिअर. कंपनीने वायर, स्विच आणि होल्डर एवढ्या करंटसाठी दिलेले नसतात. मग होल्डर काळा पडतो, स्विच तापतो, रिफ्लेक्टरची चकाकी उडते. वायरीचे प्लास्टिक वितळून शॉर्टसर्किट झाले तर बोनेटखाली आग लागू शकते.

एलईडी टाकला तर?

एच४ च्या जागी बसणारे एलईडी बल्ब बाजारात खूप आलेत. करंट कमी खातात, पांढरा प्रकाश देतात, हे खरे. अडचण वेगळीच आहे. हॅलोजनच्या दिव्याचा रिफ्लेक्टर हा बल्बातली तार नेमकी कुठे आहे, हे धरून बनवलेला असतो. एच४ मध्ये डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ती प्रकाश वर जाऊ देत नाही. एलईडीची चिप त्याच जागी, तेवढ्याच आकाराची नसेल तर प्रकाश फाकतो. डिपर मारूनही समोरच्याचे डोळे दिपतात. आपल्याला बोनेटसमोर लख्ख दिसते, पण लांबचा खड्डा दिसत नाही. धुके आणि धुळीत तर समोर पांढरा पडदाच उभा राहतो.

समोरून येणाऱ्याला दोन-तीन सेकंद काही दिसले नाही, तर कडेने चालणारा ऊसतोड मजूर किंवा बैलगाडी त्याला दिसणार कशी? समोरचा आंधळा झाला तर तो आपल्याच अंगावर येतो, हे लक्षात ठेवलेले बरे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करायला परवानगी नाही.

बल्ब बसवताना

• दिवे आणि चावी बंद करावी. बल्ब गार होऊ द्यावा.

• वायर ओढू नये, प्लग धरून काढावा. मग मागचे रबरी कव्हर आणि तारेची क्लिप काढावी.

• नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाच्या तेलाचा डाग काचेवर राहतो, तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर उडतो. हात लागलाच तर स्वच्छ कापसाला स्पिरिट लावून पुसावे.

• एच४ ला तीन कान असतात, त्यातला एक रुंद. तो एकाच पद्धतीने बसतो. बसत नसेल तर ठोकू नये, फिरवून बघावे.

• रबरी कव्हर परत नीट लावावे. नाहीतर दिव्यात पाणी आणि धूळ जाते.

• शक्यतो दोन्ही बल्ब एकदम बदलावेत, म्हणजे उजेड सारखा पडतो. चालू असलेला जुना बल्ब स्पेअर म्हणून ठेवावा.

• विकत घेताना बल्बवर गोलात ‘ई’ आणि शेजारी आकडा अशी खूण आहे का, ते बघावे. ही आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता असल्याची खूण आहे.

शेवटी भिंतीवर तपासा

सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून डिपर लावावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली पडली पाहिजे. ती डावीकडे थोडी वर चढलेली दिसते, ते बरोबर आहे. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून रस्त्याची कड दिसावी यासाठी तशी रचना असते. कड वर जात असेल तर दिव्यामागचे स्क्रू मेकॅनिककडून सेट करून घ्यावेत. मागे माल भरला की गाडीचे तोंड वर होते आणि उजेडही वर जातो. अनेक गाड्यांत स्टेअरिंगजवळ शून्य, एक, दोन, तीन असे आकडे असलेले बटण असते. रिकाम्या गाडीला शून्य, माल जास्त तसा आकडा वाढवायचा.

नवा बल्ब टाकूनही उजेड कमी वाटला तर दिव्याची पुढची काच बघावी. प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी पडते आणि उजेड अडवते. पॉलिश करून घेतली की जुन्याच बल्बात फरक पडतो.

बल्बचा फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवावा आणि एक स्पेअर बल्ब डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून ठेवावा. रात्री दोन वाजता पेशंट घेऊन तालुक्याच्या गावाला निघायची वेळ येते, तेव्हा कोणतेच दुकान उघडे नसते.