पाणउतारा: नेमकं काय उतरतं?

आजचा शब्द पाणउतारा. हिंदी मुलखात वाढलेली आपली मुलं तो 'पानउतारा' असा लिहितात. पण विड्याच्या पानाशी त्याचा काही संबंध नाही. हा 'पाण' पाण्यातला. मोत्याचं पाणी, तलवारीचं पाणी म्हणतो ना, तेच हे पाणी, म्हणजे तेज. 'पाणीदार माणूस' त्यावरूनच. ते तेज चारचौघांत उतरवायचं, तो पाणउतारा. हिंदीतही 'पानी उतारना' आहेच.

अपमान बंद खोलीत होतो, एखाद्या पत्रानेही होतो. पाणउतारा मात्र दुसऱ्याने तोंडावर, शब्दांनी करावा लागतो आणि बहुधा बघणारे हजर असतात. "सासऱ्यांनी भर पंगतीत जावयाचा पाणउतारा केला" हे बरोबर. चिखलात पाय घसरून आपण पडलो, तर ती फजिती. नंतर आपणही हसतो.

हा फरक मी शब्दकोशातून शिकलो नाही. कॅप्टन असताना एका हवालदाराला मी त्याच्याच सेक्शनच्या जवानांसमोर झापलं. चूक त्याचीच होती, झापण्याबद्दल तक्रार नाही. पण मी त्याच्या वयावर गेलो, शिक्षणावर गेलो. तो फक्त "जी साब" म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्याने हुकूम दिला की जवान आधी माझ्याकडे बघायचे. आठवड्याभराने मी त्याची माफी मागितली. पण ती माझ्या तंबूत, त्याला एकट्याला बोलावून. बघणारं कुणीच नव्हतं.