शिडाची होडी चांगली की वाईट, हे कशावरून ठरतं?

पेण तालुक्यातलं हमरापूर म्हटलं की गणपतीचे कारखाने आठवतात. पण या भागाच्या पश्चिमेला खारजमिनी आहेत, खाड्यांचे फाटे आहेत आणि धरमतरच्या खाडीतून थेट मुंबई बंदरात निघणारी पाण्याची वाट आहे. रस्त्यांचं जाळं होण्याआधी इकडचा तांदूळ आणि मीठ शिडाच्या मचव्यांतून याच वाटेनं मुंबईला जात असे.

असा मचवा दक्षिण महासागरात नेला असता तर तो पहिल्या मोठ्या वादळातही टिकला नसता. उलट, पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेली नौदलाची ‘म्हादेई’ हमरापूरच्या बाजूच्या उथळ फाट्यात आणली, तर ओहोटी लागताच ती गाळात रुतून कलंडेल. दोन्ही शिडाच्याच नौका आणि आपापल्या जागी दोन्ही उत्तम. म्हणून ‘ही होडी चांगली आहे का?’ हा प्रश्नच अर्धा आहे. कुठल्या पाण्यासाठी चांगली आणि तिची निगा कोण राखतं, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही.

होडीची पारख तीन गोष्टींवर होते: घडण, चाल आणि निगा.

तळ कसा हवा?

खाडीत पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. तिथल्या होडीला उथळ तळ लागतो, म्हणजे ओहोटीत ती चिखलावर सरळ बसून राहते आणि भरती आली की पुन्हा तरंगते. तिला स्थिर ठेवण्याचं बरंचसं काम पोटातला मालच करतो. मीठ किंवा भाताची पोती तळाशी नीट रचली की वजन खाली राहतं. रिकामी परतताना मात्र जपावं लागतं.

खुल्या समुद्रातली लाट होडीला पार आडवी करू शकते. तिथे होडी आपणहून सरळ व्हायला हवी. त्यासाठी तळाखाली माशाच्या परासारखा खोल, जड भाग बसवलेला असतो. त्याला कील म्हणतात. कितीही ढकललं तरी उभी राहणारी, बुडाशी जड असलेली खेळण्यातली बाहुली असते ना, तेच तत्त्व इथे आहे. कीलचं दुसरं काम म्हणजे वारा बाजूनं ढकलत असताना होडीला आडवं घसरू न देणं.

‘म्हादेई’ अशीच नौका आहे. लांबी ५६ फूट, वजन सुमारे २३ टन. आराखडा नेदरलँड्सच्या व्हॅन द स्टाट या संस्थेचा, बांधणी गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यातली. आतून लाकूड आणि वरून फायबरग्लासचं कवच. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात आली आणि ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यावरून एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. वाटेत चार थांबे घेऊन मे २०१० मध्ये ते मुंबईला परतले. अशी एकट्यानं प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून एकही थांबा न घेता प्रदक्षिणा पूर्ण केली.

होडी किती स्थिर आहे हे मोजताही येतं. शांत पाण्यात ठरावीक वजन डेकच्या मध्यापासून एका कडेला सरकवायचं आणि होडी किती अंशांनी कलते ते पाहायचं. फार कलली तर धोका. पण फारच ताठ असेल तर तेही बरं नाही. अशी होडी प्रत्येक लाटेला झटका देऊन सरळ होते. त्यानं माणसं थकतात आणि डोलकाठीवर ताण येतो.

होडी किती वेगानं जाते?

होडी चालते तेव्हा तिच्यासोबत तिची स्वतःची लाट तयार होते. वेग वाढला की ही लाट लांब होत जाते. लाट होडीइतकी लांब झाली की होडी जणू त्या लाटेच्या खळग्यात अडकते आणि पुढे वेग वाढवायला फार जोर लागतो. म्हणून जड होड्यांच्या वेगाला लांबीनुसार एक मर्यादा येते. तिचा ढोबळ हिशेब सोपा आहे: पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ नं गुणा. उत्तर नॉटमध्ये मिळतं. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. लांबी २५ फूट असेल तर ६.७ नॉट, ४९ फूट असेल तर ९.४ नॉट.

पण ही झाली मर्यादा. प्रत्यक्षात सरासरी बरीच खाली असते. टॉमी यांनी ‘म्हादेई’तून सुमारे २३,००० सागरी मैल १५० दिवसांत कापले. म्हणजे वेग ताशी साडेसहा नॉटच्या आत. कधी वारा पडतो, कधी वादळात शिडं कमी करावी लागतात, आणि वारा समोरून असेल तर सरळ जाताच येत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे, अशी नागमोडी वाट धरावी लागते. म्हणूनच होडी किती पळते यापेक्षा वाऱ्याच्या किती जवळ जाऊ शकते आणि शिडं किती पटकन उतरवता येतात, हे लांबच्या प्रवासात जास्त मोलाचं ठरतं.

एकच आराखडा, दोन प्रवास

१९६८-६९ मध्ये ब्रिटिश नाविक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी जगात पहिल्यांदा एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांची ३२ फुटी ‘सुहेली’ मुंबईत, सागवानात बांधलेली होती. ती जलद नव्हती. प्रवासाला ३१२ दिवस लागले. सुरुवातीलाच ती गळू लागली, तेव्हा त्यांनी समुद्रात उतरून, पाण्याखाली जाऊन फळ्यांच्या सांध्यात कापूस ठासला होता.

याच ‘सुहेली’च्या धर्तीवर गोव्यात ‘थुरिया’ बांधली गेली आणि २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत टॉमी तिच्यावरून उतरले. त्या सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली. टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजानं त्यांना वाचवलं. शेवटपर्यंत तरंगत राहून ‘थुरिया’नं माणूस जगवला, पण शर्यत संपली.

आराखडा एकच असूनही एक होडी घरी आली, दुसरी आली नाही. चांगली घडण धोका कमी करते, संपवत नाही.

त्याच शर्यतीचे विजेते जाँ-ल्यूक व्हॅन दं हीद यांनी निघण्याआधीच आपली डोलकाठी मुद्दाम आखूड करून घेतली होती. थोडा वेग गेला, पण मोडण्याची भीती कमी झाली. तरीही वादळात त्यांची होडी उलथली आणि डोलकाठीचा आधार सैल झाला. भर समुद्रात वर चढून त्यांनी तो दुरुस्त केला.

निगा राखली नाही तर काय होतं?

या शर्यतीत व्हॅन दं हीद यांना २१२ दिवस लागले, तर शेवटी पोचलेले फिनलंडचे तापिओ लेहतिनेन यांना ३२२. दोन्ही होड्या जवळपास सारख्याच लांबीच्या. फरकाचं एक मोठं कारण म्हणजे लेहतिनेन यांच्या होडीच्या तळाला बार्नेकल हे कवचाचे जीव दाट चिकटले होते. तळ खरखरीत झाला की पाणी होडीला मागे ओढतं.

कोकणात ही गोष्ट कुणाला नव्यानं सांगायला नको. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायच्या, तळ खरवडायचा, लाकडाच्या सांध्यांत कापूस भरायचा, तेल किंवा रंग द्यायचा आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात घालायच्या, हा जुना शिरस्ता आहे. फायबरग्लासला लाकूड पोखरणारे किडे लागत नाहीत, पण त्यालाही वरचेवर तपासावं लागतं. सुकाणू हा तर नाजूक भाग. ‘म्हादेई’ची धाकटी बहीण ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांसह प्रदक्षिणेला गेली, तेव्हा घर जवळ आलेलं असताना सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि दुरुस्तीसाठी मॉरिशसला थांबावं लागलं.

जुनी होडी पाहायला गेलात तर

रंग आणि केबिनमधल्या गाद्या शेवटी पाहाव्यात. आधी होडी पाण्याबाहेर काढून तळ पाहावा. लहान हातोडीनं कवचावर हळूच टिचक्या माराव्यात. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आतलं लाकूड ओलं झालं असण्याची शक्यता असते, तसाच कवचाचा थर सुटलेला असू शकतो. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांची टोकं भिंगातून पाहावीत, कारण तारा बहुधा टोकाशीच तुटतात. कीलचे बोल्ट गंजलेत का आणि सुकाणू धरून हलवल्यावर खुळखुळतं का, तेही पाहावं. शिडं उन्हानं जीर्ण झाली असतील तर शिवण नखानं ओढली तरी उसवते. मग वाऱ्यात एक फेरी मारून बघावी. आणि मालकाकडे दुरुस्तीची वही मागावी. वही नसेल तर सगळं स्वतः तपासावं लागेल, असं धरून चालावं.

‘तारिणी’ २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून पुन्हा निघाली. या वेळी तिच्यावर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच अधिकारी होत्या. सुमारे आठ महिन्यांनी, २९ मे २०२५ रोजी, त्या प्रदक्षिणा पुरी करून परतल्या. होडी तीच होती, आठ वर्षं जुनी. मधल्या काळात तिची निगा राखली गेली होती.