सोलापूरचा संघ, गहुंज्याचा कॅमेरा

आजचा विषय छोट्या लीगच्या सामन्यांचं टीव्ही प्रक्षेपण. विषय किरकोळ वाटेल, पण सोलापूरकरांच्या तो जवळचा आहे.

2023 च्या जूनमध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. सहा संघ, त्यांत एक ‘सोलापूर रॉयल्स’. नाव आपलं, सामने मात्र सगळे पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर. आपल्या पार्क मैदानावर एकही नाही. म्हणजे गावाच्या नावाचा संघ गावाला दिसला तो फक्त पडद्यावर!

असं का, हे समजायचं तर कॅमेऱ्यापासून सुरुवात करावी लागेल. क्रिकेट नीट दाखवायला गोलंदाजाच्या पाठीमागे, उंचावर कॅमेरा हवा. आणि षटक संपलं की टोक बदलतं, म्हणून दोन्ही टोकांना हवा. जुनं दूरदर्शन आठवतं ना? एकाच टोकाला कॅमेरा, त्यामुळे एक षटक ठीक आणि पुढच्या षटकात नुसती फलंदाजाची पाठ. त्यातही आम्ही आनंदाने बघत होतो, ते सोडा. आता धावबाद तिसऱ्या पंचाकडे द्यायचा तर क्रीझच्या रेषेत, बाजूनेही कॅमेरे लागतात. रिप्लेला वेगळं यंत्र, वेगळा माणूस. शिवाय ओबी व्हॅन, दिवे, समालोचक. हा सगळा संसार गावोगाव हलवायचा म्हणजे खर्च वाढला. मोठ्या लीगला वाहिनी पैसे मोजते. छोट्या लीगमध्ये चित्रीकरणाचा भार बहुधा आयोजकांवरच येतो. मग एका मैदानावर तळ ठोकणं स्वस्त पडतं.

अमेरिकेत बेसबॉलच्या मायनर लीगमध्ये 120 संघ आहेत. तिथे प्रत्येक संघ आपल्याच गावात खेळतो. चित्र साधं, कॅमेरे मोजके आणि अनेकदा आवाज गावच्या रेडिओ समालोचकाचा. त्याला वेगळे पैसे नकोत, तो तसाही बोलतच असतो. आम्हाला ही युक्ती फार आवडते. आपल्याकडे कुस्तीच्या फडात निवेदक माइकवर जे रंगवून सांगतात, ते काय कमी आहे?

पण चित्र हवं कशाला, स्कोअर कळला की झालं, असं कुणी म्हणेल. तर अर्शीन कुलकर्णीचं बघा. मुलगा सोलापूरचा. त्याच पहिल्या हंगामात त्याने पुणेरी बाप्पाविरुद्ध 54 चेंडूंत 117 धावा केल्या, 13 षटकार मारले, वर चार बळी घेतले. सामना एका धावेने जिंकला. त्याच डिसेंबरात लखनऊ सुपर जायंट्सने त्याला लिलावात घेतलं. नुसत्या स्कोअरकार्डवर 117 हा आकडा दिसतो. षटकार कुठल्या चेंडूवर मारले, हे चित्रातच कळतं. आणि गंमत म्हणजे तो त्या सामन्यात खेळत होता नाशिककडून!

रणजीची गोष्ट उलटी. 2024 च्या जानेवारीत महाराष्ट्र-मणिपूर सामना पार्क मैदानावरच झाला. पण रणजीच्या एका फेरीत 19 सामने असतात आणि टीव्हीचे कॅमेरे जातात त्यांतल्या मोजक्याच ठिकाणी. तिथे ज्याला बघायचं, त्याने उन्हात जाऊन बसायचं.