उंदीर, उलटं घड्याळ आणि धडधडणारं काळीज

आधी आमच्या शाळेत घडलेली एक गोष्ट सांगते.

पोलादपूर तालुक्यातल्या एका लहानशा गावात मी शिकवते. जुलै महिना होता. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. त्या दिवशी नशिबानं वीज टिकून होती, म्हणून पाचवीच्या मुलांची कॉम्प्युटरवर एक छोटीशी चाचणी घ्यायचं मी ठरवलं. गणिताचे दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय आणि वेळ दहा मिनिटं. कॉम्प्युटर एकच, त्यामुळे एकेकानं यायचं आणि बाकीच्यांनी वाचत बसायचं.

वर्गात एक मुलगा तोंडी हिशेबात पटाईत आहे. आठवडे बाजारात वडिलांशेजारी बसून तो सुटे पैसे माझ्याआधी मोजून देतो! आता याला दहापैकी दहा मिळणार, असं मी धरूनच चालले होते. मिळाले चार. बाकीच्यांसमोर लाल फुल्या दिसल्या आणि बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला.

आठवड्यानं मी तशाच प्रकारची दहा गणितं त्याला कागदावर दिली. नऊ बरोबर आली.

मग मला सांगा, त्याचं गणित कच्चं होतं का? मुळीच नाही! मी त्याला जवळ घेऊन विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "बाई, कोपऱ्यातलं ते घड्याळ उलटं पळत होतं. मी त्याच्याकडंच बघत बसलो."

कुणाला काय वाटलं?

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गाला सांगितलं, "कॉम्प्युटरवर परीक्षा देताना काय वाटलं, ते नाव न घालता चिठ्ठीवर लिहा." त्या चिठ्ठ्या वाचून मलाच शिकायला मिळालं. कुणी लिहिलं, "मज्जा आली." कुणी लिहिलं, "उंदीर हातातून सटकत होता." (उंदीर म्हणजे माऊस, बरं का!) एकानं लिहिलं होतं, "माझं अक्षर वाईट आहे, ते कुणाला दिसलं नाही म्हणून बरं वाटलं." आणि एका मुलीनं लिहिलं, "माझं अक्षर चांगलं आहे, ते कुणाला दिसलं नाही म्हणून वाईट वाटलं." बघा, गोष्ट एकच, पण एक खूश आणि एक नाराज!

माझंही काही वेगळं झालं नव्हतं. शिक्षकांसाठी अभियोग्यता चाचणी असते. डिसेंबर २०१७ मध्ये ती कॉम्प्युटरवर झाली. २०० प्रश्न आणि १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद! पहिली पाच मिनिटं माझा हात असा थरथरत होता, की एका पर्यायावर टिचकी मारायला जावं आणि भलत्याच पर्यायावर पडावी. डी.एड. झालेल्या बाईंची ही गत, तर तुमचं काय चुकलं?

हे यंत्र आलं कुठून?

उत्तरपत्रिका यंत्रानं तपासायची कल्पना एका शिक्षकाचीच! अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात रेनॉल्ड जॉन्सन नावाचे विज्ञानाचे शिक्षक होते. लहानपणी ते भारी खोडकर. बहिणींना भेटायला मोटारीतून पाहुणे आले, की हे गुपचूप मोटारीच्या स्पार्क प्लगवर पेन्सिलीच्या रेघा ओढून ठेवत. मग मोटार सुरूच होत नसे! का? पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइट असतं आणि त्यातून वीज वाहते. ठिणगी पडायच्या जागी वीज त्या रेघेतूनच निसटून जाई.

मोठेपणी हीच खोडी त्यांच्या कामाला आली. मुलांनी पेन्सिलीनं केलेल्या खुणांतून वीज वाहते की नाही, हे यंत्रानं ओळखायचं, म्हणजे उत्तर बरोबर की चूक ते कळेल. आय.बी.एम. कंपनीनं त्यांना १९३४ मध्ये नोकरी दिली आणि पुढच्या काही वर्षांत गुण मोजणारं यंत्र बाजारात आलं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत तुम्ही जे गोल रंगवता, त्यामागची कल्पना अशी जुनी आहे. आता मात्र यंत्र वीज नाही, प्रकाश वापरून खुणा वाचतं. आणखी एक गंमत ऐका. १९५६ मध्ये कॉम्प्युटरची पहिली हार्ड डिस्क आली. ती तयार करणाऱ्या गटाचे प्रमुखही हेच जॉन्सन गुरुजी!

आपल्याकडे इंजिनीअरिंगसाठीची जे.ई.ई. मेन परीक्षा २०१९ पासून पूर्णपणे कॉम्प्युटरवर आली. महाराष्ट्राची सी.ई.टी.सुद्धा त्याच वर्षापासून. दहावी-बारावीच्या पेपराला तुम्ही पेनच घेऊन बसता, पण त्यानंतर कधीतरी या पडद्याशी गाठ पडणारच.

भीती गणित कसं खाते?

भीती वाटली, की शरीर पळायची तयारी करतं. काळीज धडधडतं, तळहात घामेजतात. रानात समोर वाघ आला तर हे उपयोगाचं, पण समोर आहे गुणाकार! आणि डोक्यात हिशेब मांडायला जी जागा लागते, ती लहान असते. "वेळ संपली तर?", "चुकीचं बटण दाबलं तर?" हे विचार तिथंच येऊन बसतात. मग गणिताला जागा उरत नाही. आमच्या त्या मुलाचं नेमकं हेच झालं होतं.

माणसं नवं यंत्र कधी आपलंसं करतात, याचा अभ्यास अमेरिकेतल्या फ्रेड डेव्हिस या संशोधकानं केला आणि १९८९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात दोन प्रश्न महत्त्वाचे ठरले. याचा मला उपयोग आहे, असं वाटतं का? आणि हे मला सोपं जाईल, असं वाटतं का? आमच्या मुलांच्या चिठ्ठ्या पुन्हा चाळल्या, तर बहुतेकांचं घोडं दुसऱ्या प्रश्नापाशीच अडलेलं दिसलं.

घाबरण्याआधी हे माहीत असू द्या

"मध्येच वीज गेली तर?" आपल्याकडच्या मुलांचा हा पहिला प्रश्न. जे.ई.ई.सारख्या परीक्षेत कॉम्प्युटर किंवा माऊस बिघडला, तर दुसरा कॉम्प्युटर देतात आणि वाया गेलेला वेळ भरून देतात. तेव्हा घाबरून गप्प बसू नका, लगेच हात वर करा.

"उत्तर बदलता येतं का?" जे.ई.ई.मध्ये येतं. कागदावरच्या गोलाचं तसं नसतं, तो एकदा शाईनं रंगवला की संपलं! पडद्याच्या कडेला प्रश्नांचे क्रमांक असतात. उत्तर दिलं की हिरवा, पाहून सोडला तर लाल, पुन्हा बघायचा म्हणून राखून ठेवला तर जांभळा. मात्र प्रत्येक परीक्षेचे नियम निराळे असू शकतात, म्हणून सूचना वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

"पर्सेंटाइल म्हणजे टक्के का?" नाही हं! परीक्षा अनेक पाळ्यांत होते. कुणाला पेपर थोडा सोपा येतो, कुणाला थोडा अवघड. म्हणून तुमची तुलना तुमच्याच पाळीतल्या मुलांशी करतात. ९० पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पाळीतल्या शंभरातल्या ९० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी.

घाट आणि सराव

पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला तुम्ही कधी एस.टी.नं गेलात का? पहिल्या खेपेला वळणावळणाला पोटात ढवळतं. पण रोज तिथून जाणारे कंडक्टरकाका उभ्या उभ्या तिकिटं फाडत असतात! घाट तोच, वळणं तीच, फक्त सवय झालेली.

घरी कॉम्प्युटर नाही? त्यात लाज कसली? शाळेतला मिळेल तेवढा वापरा. शनिवारी महाडला काही कामानं गेलात, तर तासभर कॉम्प्युटर सेंटरवर बसा. मोठ्या परीक्षांच्या सराव चाचण्या फुकट मिळतात. तेही जमत नसेल, तर घड्याळ लावून कागदावर गणितं सोडवा, वेळेची भीती तरी मोडेल. शहरातल्या मुलाच्या हाताखाली पाच वर्षं माऊस आणि तुमच्या हाताखाली पाच दिवस, हे बरोबर नाही. पण ती चूक तुमची नव्हे, ती दुरुस्त करायचं काम आम्हा मोठ्यांचं. तुम्ही "बाई, आम्हाला सराव द्या" असं मागायला मात्र संकोचू नका.

आता आमच्या त्या मुलाचं पुढं काय झालं, ते सांगते. तिसऱ्या चाचणीला त्यानं विचारलं, "बाई, घड्याळ झाकू का?" मी हो म्हटलं. त्यानं वहीच्या कागदाची पट्टी फाडली आणि पडद्याच्या कोपऱ्यावर चिकटवली. आठ बरोबर आली! निकालही या वेळी मी त्याला एकट्यालाच दाखवला. ती सुधारणा माझ्यासाठी होती. सगळ्यांसमोर लाल फुल्या दाखवायला नको होत्या, हे मला उशिरा कळलं.

मी त्याला म्हटलं, "मोठ्या परीक्षेत पट्टी लावू देणार नाहीत हं." तो काहीच बोलला नाही. श्रावणातल्या चाचणीला मात्र त्यानं आपल्या हातानं पट्टी काढली. दर तीन प्रश्नांनंतर एकदाच घड्याळाकडे बघायचं, असं त्याचं त्यानंच ठरवलं होतं. त्या दिवशीही आठच आली. पण उठताना तो हसत होता आणि चुकलेली दोन गणितं कोणती, हे त्यानं मला विचारायच्या आधीच सांगितलं.