चकाकतंय म्हणून ठेवू नका

इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर त्यातला प्रत्येक पिस्टन सेकंदाला शंभर वेळा थांबतो आणि उलटा फिरतो. हो, चक्क थांबतो! वर एकदा, खाली एकदा. सिलिंडर कुठे झिजतं, याचं उत्तर या थांबण्यातच आहे.

चाळीसगावकडून औट्रम घाट चढून आलेली एखादी जुनी डिझेल जीप कन्नडच्या गॅरेजात उघडून ठेवली आहे, असं समजा. निळा धूर मारते, ऑइल खाते, चढाला दम लागतो. इंजिन बांधायचं ठरलंय. समोर मांडलेल्या भागांपैकी काय परत बसवायचं आणि काय भंगारात द्यायचं? नुसत्या डोळ्यांवर विसंबलात तर फसाल.

सिलिंडर बघा, आतून आरशासारखं लखलखतंय. पिस्टन धावत असताना त्याच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यात तेलाचा पापुद्रा असतो. वरच्या टोकाला पिस्टन थबकला की हा पापुद्रा तुटतो, आणि नेमका तिथेच जळत्या वायूचा दाब रिंगांना भिंतीवर रेटतो. म्हणून झीज सर्वांत जास्त वरच. पण रिंग जिथवर पोचतच नाही, तिथला धातू जवळपास कोरा राहतो. बोट फिरवलं तर कंगोरा लागतो. म्हणजे इंजिनाने आपलं जन्माचं माप स्वतःच्याच अंगावर जपलेलं असतं! बोअर गेजने वर, मध्ये, खाली मोजलं की झिजेचा हिशेब उघड. थोडकी असेल तर सिलिंडर तेच ठेवायचं, घालवायची ती चकाकी. होनिंगच्या दगडाने एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा मारतात. त्या तेल धरून ठेवतात. गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी लावतात ना, तसंच. झीज जास्त असेल तर बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन, नाहीतर नवा लायनर.

पिस्टन तर आणखी फसवा. गोल दिसतो, पण थंड असताना किंचित लंबगोल असतो आणि माथ्याकडे निमुळता, कारण तापल्यावर तो सगळीकडे सारखा फुगत नाही. मायक्रोमीटर भलत्या जागी लावला की चांगला पिस्टन बाद!

आता पिस्टनांच्या जोरावर फिरणारी क्रँक. ती बेअरिंगवर टेकून फिरते, असं आपल्याला वाटतं. छे! दोघांमधली फट केसाच्या जाडीहूनही कमी, आणि त्या फटीत क्रँक तेलावर तरंगते. फिरता फिरता ती स्वतःच तेल ओढून घेते आणि त्यावर उचलली जाते. मग घाटात गिअर न उतरवता गाडी रेटली तर? फेरे मंदावतात, भार तेवढाच राहतो, तेलाचा थर पातळ होतो. ड्रायव्हरची ही सवय बेअरिंगवर उमटते. बेअरिंग मुद्दाम मऊ धातूचं केलेलं असतं: कचरा आला तर त्यानं पोटात घ्यावा, क्रँकला ओरखडा पडू नये. त्यामुळे बेअरिंग नवंच घालायचं. झिजलेल्या क्रँकला तडा नसेल, तर ग्राइंडिंग करून 0.25 किंवा 0.50 मिमी बारीक करतात आणि त्याच मापाचं अंडरसाइज बेअरिंग बसवतात.

खरं तर तपासायची असते जोडी. झिजलेला टॅपेट (कॅमच्या जोरावर व्हॉल्व्ह उचलणारा भाग) आपल्याच कॅमवर बरीच वर्षं काढील. शेजारच्या कॅमवर ठेवला की दोघंही बिघडतील. मेन बेअरिंगच्या कॅप ब्लॉकला आवळून एका ओळीत बोअर केलेल्या असतात. त्यांची अदलाबदल झाली तर बेअरिंगचं भोक गोल राहत नाही. म्हणून जाणता मिस्त्री इंजिन खोलतानाच प्रत्येक भागावर खुणा करतो.

आणि सिलिंडर हेडचे बोल्ट? आटे स्वच्छ, गंज नाही, सरळसोट. पण आजच्या अनेक गाड्यांत ते आवळतानाच मुद्दाम कायमचे थोडे ताणले जातात, म्हणजे हेडवर सगळीकडे सारखा दाब बसतो. तो ताण पुन्हा खात्रीने देता येत नाही. असा बोल्ट कितीही नवा दिसो, त्याची रवानगी भंगारातच.