रंग काढून बघा!

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास चर्चगेटला उतरा. मोठा कॅमेरा नसला तरी चालेल, खिशातला मोबाइल पुरे. त्यात आधी ‘मोनो’ मोड लावा आणि मग ओव्हल मैदानाकडे चालू लागा. फोटो काढून नंतर फिल्टर मारणं तर रोजचंच आहे. आज बघायचंच ब्लॅक अँड व्हाइटमध्ये!

मैदानाच्या मधोमध उभे राहा. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं गॉथिक. पश्चिमेला समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर १९३०च्या दशकापासून उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारती. मध्ये आपलं क्रिकेट. हा सगळा परिसर २०१८मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

आता इमारती सोडा, ऊन बघा. सकाळी ते पूर्वेकडून थेट डेको इमारतींच्या तोंडावर पडतं. खिडक्यांवर पुढे आलेले पातळ छज्जे दिसतायत? त्यांना ‘आयब्रो’ म्हणतात, इमारतीच्या भुवयाच त्या. मुंबईच्या उन्हापावसापासून खिडकी वाचवणं हे त्यांचं काम. ऊन जरा चढलं की प्रत्येक भुवईखाली सावलीची जाड रेघ उमटते. रंगीत फोटोत आपलं लक्ष पिवळ्या भिंतीकडे, नाहीतर खालच्या लाल गाडीकडे जातं. रंग गेला की उरतात त्या रेघा आणि गोलाकार बाल्कन्या.

राजाबाई टॉवरचं उलटं. १८७८मध्ये पूर्ण झालेला हा सुमारे ८५ मीटरचा टॉवर सकाळी मैदानातून नुसता काळ्या आकृतीसारखा दिसतो, कारण सूर्य त्याच्या मागे असतो. नक्षी टिपायची असेल तर दुपारी चारनंतर परत या.

काही साध्या गोष्टी लक्षात ठेवा. ग्रिड चालू करा. फोन वर कलवला की इमारत मागे पडल्यासारखी दिसते; त्यापेक्षा मागे सरका, ओव्हलवर जागा भरपूर आहे. स्क्रीनवर उजळ भिंतीवर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा, सावल्या गडद होतील. आणि रंगांचा एक घोळ समजून घ्या: लाल आणि हिरवा सारखेच गडद असतील तर दोघांचाही एकच करडा होतो. म्हणून रंग नव्हे, उजेडातला फरक शोधा.

हे सगळं जमायला लागलं तेव्हा मी दोन स्टेशनं पुढे, चर्नी रोडला उतरून गिरगावातल्या एका चाळीत गेले. लाकडी कठडे, जिन्याखालचा अंधार, एकदम भारी कॉन्ट्रास्ट! तिथल्या एका आजींना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, एवढी पडायला आलीय का आमची चाळ? दिवाळीला कठड्याला हिरवा रंग दिलाय. तो कुठे गेला?’’

मला उत्तर देता आलं नाही. राहत्या घराचं मी पाच सेकंदांत पडकं घर करून टाकलं होतं. आणि ती चाळ रीडेव्हलपमेंटला जाणार आहे. उद्या तो कठडा नसेल, फक्त माझा फोटो असेल. तो हिरवा होता, हे मग कोणाला कळणार?

तेव्हापासून मी दोन नियम पाळते. कोणाच्या दारात फोटो काढण्याआधी विचारायचं. आणि प्रत्येक ब्लॅक अँड व्हाइट फोटोबरोबर त्याच जागेचा एक रंगीत फोटो काढून ठिकाण आणि तारीख लिहून ठेवायची. तुमच्या गावातले वाडे, जुनी थिएटरं, बाजारपेठा यांनाही हेच लागू आहे.

तर येत्या रविवारी निघा. रंग काढून बघा, पण ते कुठले होते ते विसरू नका.