रोजच्या गाडीचा साज

यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा या बाजारपेठांत एके काळी व्यापाऱ्याची गाडी म्हटली की पांढरी अ‍ॅम्बेसिडर किंवा कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली पद्मिनी डोळ्यांसमोर येत असे. गाडी मजबूत असावी, भरपूर माणसे बसावीत आणि तिने भर उन्हाळ्यात दगा देऊ नये, एवढीच अपेक्षा होती. आता दुकानाच्या गादीवर नवी पिढी बसू लागली आहे आणि तिच्या मनातील गाडी निराळी आहे. पुण्याजवळ चाकण येथे तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, तिचे दीड लिटरचे टर्बो इंजिन, तिची दीडशे अश्वशक्ती यांची चर्चा आता जेवणाच्या ताटावरही होते. काटेकोर अर्थाने ही स्पोर्ट्स कार नव्हे. तो शब्द दोन दारांच्या, जमिनीलगत बसणाऱ्या गाडीसाठी आहे. परंतु आपल्याकडे वेगवान आणि देखण्या गाडीला सर्रास तसेच म्हणतात. या लेखापुरते आपणही तसेच म्हणू.

अशी गाडी दारात आली की महिन्याभरातच तिला सजवण्याचा विषय निघतो. मोठी चाके, मागे पंख, काळे छत, धुरकट दिवे यांची यादी चिरंजीव वाचू लागतात, आणि बाबूजी सरळ नकार देतात. माझ्या मते या वादात दोघांचेही थोडे थोडे चुकते. हौस गैर नाही. मात्र ही गाडी प्रदर्शनात उभी राहायची नसून रोज चालायची आहे. सकाळी ती दुकानावर जाते, दुपारी जिनिंगमध्ये कापूस पाहायला जाते, संध्याकाळी आजीला लग्नघरी पोहोचवते. शिवाय जिल्ह्याच्या गावात गाडीला अनामिकता नसते. एमएच २९ ची गाडी वळणावर दिसली की ‘ही अमक्या पेढीची’ हे पानवाल्यालाही कळते. म्हणून तिचा साज हा केवळ एका मुलाच्या आवडीचा प्रश्न उरत नाही.

कापडाच्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही की काठ आणि अंग यांचे एक प्रमाण असते. भरजरी काठ साध्या अंगावर खुलतो. अंगभर बुट्टे, त्यावर रुंद काठ आणि त्यावर गोंडे आले की लुगडे दुकानातच पडून राहते. गाडीचेही असेच आहे. तिच्या कडा, काचेचा उतार, चाकाभोवतीची कमान या गोष्टी आरेखनकाराने एकमेकींना धरून बसवलेल्या असतात. आपल्या महाराष्ट्रात घडलेली ‘अवंती’ आठवून पाहावी. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी संस्थेने ही दोन आसनांची गाडी २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये सादर केली. तिचे रूप कोणाला आवडले, कोणाला भडक वाटले. पण तिचे इंजिन आसनांच्या मागे होते. तशा गाडीच्या कुशीत हवा घेणारी मोकळी जागा असणे हा अलंकार नसून इंजिनाची गरज असते. समोर इंजिन असलेल्या गाडीच्या दाराजवळ प्लास्टिकची खोटी जाळी चिकटवली की ती सोन्याचा मुलामा दिलेल्या पितळेसारखी दिसते, आणि पारख असलेल्या डोळ्याला ते लगेच कळते.

मागच्या पंखाचेही तसेच. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी १२० किलोमीटर वेगात पंख जितका दाब देईल, त्याच्या चौथाई दाब ६० च्या वेगात मिळतो. धामणगावमार्गे समृद्धी महामार्गावर गेलात तरी तिथली मर्यादा १२० चीच आहे. गावातल्या रस्त्यावर तर हा पंख फक्त धूळ गोळा करतो. कारखान्याने दिलेली डिकीवरची छोटी कड पुरेशी आहे.

खरा विचार चाकांचा करावा, कारण गाडीचे रूप सर्वाधिक चाकांनी बदलते आणि नुकसानही तिथेच होते. २०५/५५ आर १६ हे माप घेऊ. यात टायरची बाजू सुमारे ११३ मिलिमीटर उंच असते. २२५/४५ आर १७ घेतले तर ती १०१ वर येते आणि २२५/४० आर १८ मध्ये अवघी ९०. चाकाची एकूण उंची तिन्हींत जवळपास सारखीच राहते, त्यामुळे वेगदर्शक फारसा फसत नाही. मात्र खड्डा आणि धातूचे चाक यांच्यामधली रबराची गादी पातळ होत जाते. पावसाळ्यानंतरचे आपले आतले रस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना वाकलेल्या रिमची आणि फुगलेल्या टायरची किंमत वेगळी सांगायला नको. सोळाचे चाक सोळाच ठेवून नक्षी बदलावी, फार तर एक इंच वाढवावा. साध्या, मोकळ्या आऱ्यांचे चाक धुवायलाही सोपे. गाडी खाली बसवण्याचा, म्हणजे लोअरिंगचा, मोह तर पूर्ण सोडावा. पाचजण बसल्यावर गावातला पहिलाच गतिरोधक तळ खरवडेल.

रंगाबाबत आपल्या हवेचा विचार आधी यायला हवा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. हिवाळ्यात कापसाच्या गाड्यांची धूळ. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, जो वाळला की सिमेंटसारखा धरतो. रंगीत व्हिनाइलचे आवरण अशा उन्हात प्रथम छतावर आणि बॉनेटवर विटते, कारण तेथे ऊन सरळ पडते. गडद चकचकीत काळा रंग पाहायला राजबिंडा, पण कोरड्या फडक्याने धूळ पुसली की त्यावर जाळीदार ओरखडे उमटतात. ज्यांना खर्च करायचाच आहे त्यांनी मूळ रंगावर पारदर्शक पॉलियुरेथेनची संरक्षक फिल्म, निदान समोरच्या भागापुरती, बसवावी. ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा ती झेलते. सिरॅमिक कोटिंग ही निराळी वस्तू आहे. त्याने पाणी आणि चिखल घसरतो, खडा थांबत नाही. विक्रेते दोन्हींची गल्लत करतात. आणि काही वेगळे दिसायचेच असेल तर छत किंवा आरसे, यांतला एकच भाग काळा करावा. गाडीचा संपूर्ण रंग बदलायचा असल्यास नोंदणी प्रमाणपत्रातील रंगाची नोंदही परिवहन कार्यालयात बदलून घ्यावी लागते.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, पण तो हलक्यात घेऊ नये. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत बदल करण्यास मनाई करते आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणे लावला. उल्लंघनास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. काचांवरील काळ्या फिल्मवर याच न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी बंदी घातली. नंतरच्या नियमांत मानक काचेला वाव मिळाला असला, तरी समोर आणि मागे ७० टक्के व बाजूंना ५० टक्के प्रकाश आरपार जायलाच हवा. मागचे दिवे धुरकट करणे हे मात्र मला सर्वांत अक्षम्य वाटते; ब्रेकचा लाल दिवा मागच्या दुचाकीस्वाराला उशिरा दिसला तर जीव त्याचा जातो. समोरच्या लोखंडी बुलगार्डविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करण्यास कळवले होते. धडकेचा जोर त्यामुळे थेट चॅसीवर जातो, एअरबॅगचा अंदाज चुकू शकतो, आणि पादचाऱ्याला लोखंड लागते.

क्रमांकाच्या पाटीची आपली जुनी हौस तर सर्वपरिचित आहे. ४१४१ चे ‘दादा’ करणारे आणि २१४ मध्ये ‘राम’ वाचणारे चित्रकार गावोगाव होते. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना कारखान्याकडूनच उच्च सुरक्षा पाटी येते, त्यामुळे त्या कलेचे दुकान आता बंद झाले. अक्षरे जशी आली तशीच ठेवावीत.

हिशोबाची बाजू व्यापारी वाचकांना अधिक जवळची. नंतर बसवलेली चाके, दिवे, फिल्म यांची माहिती विमा कंपनीला लेखी देऊन त्यांची किंमत पॉलिसीत स्वतंत्र नोंदवून घ्यावी. न कळवलेल्या वस्तूची भरपाई मिळत नाही आणि बदलामुळेच अपघात झाला असे ठरले तर संपूर्ण दावाही अडू शकतो. तारांची जोडणी कापून बसवलेल्या दिव्यांमुळे विद्युत भागांची वॉरंटी धोक्यात येते. पुनर्विक्रीत तर सजवलेल्या गाडीचा भाव बहुधा उतरतो, कारण एकाची हौस दुसऱ्याला नको असते. म्हणून नवी चाके बसवली तर मूळ चारही चाके विकू नयेत. पोत्यात गुंडाळून गोदामाच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवावीत आणि त्यांच्यासोबत नव्या वस्तूंची बिले व गाडीचे मूळ छायाचित्रही एका पाकिटात ठेवावे.